मदत हवी आहे: बोंडूच्या रसावरच्या प्रयोगांचा खर्च टॅक्समध्ये कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी, कुडाळला आमची छोटी पार्टनरशिप फर्म आहे, काजूच्या बोंडूच्या (काजूबीला लागून असलेलं रसाळ फळ) रसाचा तुरटपणा घालवून तो टिकवायचा कसा यावर प्रयोग चाललेत, फिल्टर मशीन, लॅब टेस्टिंग, आणि ओतून दिलेला रस तर विचारूच नका (बोंडू पडला की लगेच आंबायला लागतो). आमचे सीए म्हणतात 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 35(2एबी) (स्वतःच्या संशोधन खर्चाची वजावट) फक्त कंपन्यांना, तेही डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता असेल तर, आणि खर्चाच्या दीडपट वजावट 2020 पासून बंदच. मान्य. पण त्याच कायद्याच्या साध्या 35(1) मध्ये धंद्यासाठीच्या संशोधनाचा खर्च, जमीन सोडून मशीनसकट, फर्मलापण पूर्ण वजा मिळतो ना? इथे ते नुसते 'बघू' म्हणतात. सावंतवाडी-रत्नागिरीकडे कुणी केलंय का असं? बिलं आणि बॅचची वही सोडून अजून काय कागद ठेवलेत? अनुभवी सीए माहीत असेल तर प्लीज इनबॉक्स करा, फी देऊ.