सोर्समधून लायब्ररी बिल्ड करण्याचे अनुभव

शनिपारची

काल लेकीच्या लॅपटॉपवर पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या कमांडने) एलएक्सएमएल ही एक्सएमएल फाइली वाचायची लायब्ररी टाकायचं चाललं होतं. तिचं पायथन इतकं ताजं की त्याच्यासाठी तयार व्हील, म्हणजे आधीच बनवून ठेवलेलं पॅकेज, नव्हतं. पिप आपणहून सोर्स कोड घेऊन बिल्डला, म्हणजे त्यातून लायब्ररी बनवायला बसलं आणि ती ज्यांच्या जिवावर चालते त्या लिबएक्सएमएल-२, लिबएक्सएसएलटीची डेव्हलपमेंट पॅकेजेस आहेत का बघा म्हणून आडवं पडलं. लेक वैतागली, मला मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं!

पहिली नोकरी टिळक रोडवर, तिसऱ्या मजल्यावरच्या एवढ्याशा ऑफिसात. क्लायंटकडून एक्सएमएल यायचं आणि सर्व्हरवरची लायब्ररी जुनी. रूटचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड आम्हा पोरीबाळींना कोण देतंय? मग टारबॉल (सोर्सचं गाठोडं) उतरवायचा, मशीनवर काय काय आहे ते तपासणाऱ्या कॉन्फिगरला प्रीफिक्स (कुठे बसवायचं ती जागा) म्हणून स्वतःची होम डिरेक्टरी द्यायची, मग बनवायला मेक, बसवायला मेक इन्स्टॉल. 'चेकिंग फॉर' च्या ओळी सरसर वर जाताना बघत बसायला मला फार आवडायचं. त्यातली एक ओळ मात्र वाचायचीच. झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या हेडर फाइली नसल्या तर कॉन्फिगर अडत नाही, 'नो' लिहून गुपचूप पुढे जातं. लायब्ररी बनते, चालते, आणि पुढे कधीतरी जीझिप केलेली एक्सएमएल तिला उघडत नाही तेव्हा सगळं ऑफिस डोकं धरून बसतं.

तुमचे अनुभव येऊ द्या. लायब्ररी कुठलीही चालेल.

वारजे_पुलाखाली

एलडीकॉन्फिग (नवी लायब्ररी कुठे आहे ते सिस्टिमला कळवणारी कमांड). एवढंच बोलतो.

चहाबाज

😂😂 वारजे, अगदी अगदी. युएसआर-लोकल-लिबमध्ये लायब्ररीची एसओ (शेअर्ड ऑब्जेक्ट) फाइल ढळढळीत दिसतेय आणि प्रोग्रॅम म्हणतोय शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही. त्यात जुन्या रेड हॅटवर नुसतं एलडीकॉन्फिग मारून भागायचं नाही, एलडी-डॉट-एसओ-डॉट-कॉन्फमध्ये ती डिरेक्टरी आधी लिहावी लागायची. डेबियनवाल्यांना हे दुःख माहीत नाही.

खडकमाळ

आमच्याकडे एकाने कुठल्याशा जुन्या सॉफ्टवेअरसाठी लिबएक्सएमएलची जुनी आवृत्ती बिल्ड करून थेट युएसआरमध्ये, सिस्टिमच्या स्वतःच्या फाइलींच्या जागी टाकली. सेंटओएसची स्वतःची त्याखाली गाडली गेली. आता यम, म्हणजे सेंटओएसवर पॅकेजेस बसवणारी कमांड, पॅकेजेसची माहिती वाचायचा तो याच लायब्ररीच्या जोरावर. यमच गेला! पॅकेज दुरुस्त करायचं तर यम पाहिजे, यम पाहिजे तर पॅकेज. शेवटी दुसऱ्या मशीनवरून लायब्ररीची आरपीएम (पॅकेजची फाइल) आणून आरपीएमच्या कमांडने जबरदस्तीने बसवलं. रात्रभर हिंजवडीत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये जो झोपलो तो थेट स्वारगेट, उतरायचं होतं चांदणी चौकात.

शनिपारची

यमच गेला 🤣 खडकमाळ, कोपरापासून नमस्कार.

मुठेकाठी

माझं बिल्डचं नाही, पण त्याच लायब्ररीचं. एक्सएमएललिंट या तिच्यासोबत येणाऱ्या कमांडला मराठी फाइल फॉरमॅट करायला दिली. बाहेर आलं ते सगळं अँपरसँड, हॅश, आकडे. 'म' च्या जागी एक्स-९२ई! साहेब म्हणाले व्हायरस आहे. आमच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे ती जुनी आवृत्ती सगळं आस्कीमध्ये, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांत कोंबत होती. युटीएफ-८ लिहिलं आणि अक्षरं जागेवर.

पोस्टगल्ली

गिटवरून लिबएक्सएमएल-२ चा सोर्स क्लोन केला (उतरवून घेतला) की कॉन्फिगर नावाची फाइलच नसते, हे नव्या पोरांना कुणी सांगतच नाही. ती टारबॉलमध्ये तयार मिळते. क्लोनमध्ये ती तयार करायला आधी ऑटोजेन चालवा, त्याला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल लागतात. नाहीतर बिल्डसाठी सीमेक किंवा मेसॉन ही दुसरी साधनं वापरा, आता तेही चालतं. आणि २०२५ मध्ये आलेल्या २.१४ पासून तिच्या एसओ फाइलीच्या नावातला आकडा २ वरून १६ झालाय. जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीकडे बघणारसुद्धा नाहीत. (फोनवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

धनकवडीची_सून

आमच्या हॉस्टेलच्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल गेलेला. गुरुवारी वीज गेली की घड्याळ मागे, थेट जुन्या सालात. मग मेक चालवला की 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड'! सोर्सच्या फाइली त्याच्या हिशेबाने भविष्यातल्या ना. मेक बिचारं कॉन्फिगर परत परत चालवत बसायचं आणि मैत्रिणी म्हणायच्या, झालं का गं तुझं यंत्र दळून? तपकीर गल्लीतून नवा सेल आणला, तारीख नीट लावली, सगळ्या फाइलींवरून टच (फाइलीची वेळ आताची करणारी कमांड) फिरवला. मग कुठे बिल्ड पुढे सरकलं.

चहाबाज

तपकीर गल्ली!! पसोड्या विठोबापाशी वळायचं. अजून सुटे पार्ट मिळतात का हो तिथे? जुन्या राउटरचा ॲडॅप्टर हवाय.

खडकमाळ

मिळतात की. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद.

नवखा_बाणेर

मेक इन्स्टॉल केलेलं काढायचं कसं? सोर्सचं फोल्डर डिलीट केलंय.

पोस्टगल्ली

तीच आवृत्ती परत उतरवा, तेच प्रीफिक्स देऊन कॉन्फिगर करा, मग मेक अनइन्स्टॉल. पुढच्या वेळी युएसआर-लोकलच्या खाली वेगळं फोल्डर करून त्यात टाका, म्हणजे ते फोल्डर आरएमने उडवलं की विषय संपला.

नवखा_बाणेर

धन्यवाद काका 🙏 करून बघतो.

चहाबाज

खडकमाळ, आणि गाडी कुठे लावायची तिकडे? मागच्या वेळी टो करून नेली होती.

खडकमाळ

मंडईत, बाबू गेनू वाहनतळावर. तिथून चालत जा, गल्लीत गाडी घालूच नका.