वादळानंतर कोकणातील वाड्यांमध्ये मदतीला जाताना कामाचा क्रम कसा ठेवावा?

आंजर्ल्याचा भाचा (पुणे):
नमस्कार. दापोली तालुक्यातील आंजर्ले हे माझे आजोळ. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा टाळेबंदीमुळे मला पुण्याहून निघता आले नाही, आणि मामाच्या वाडीतील (म्हणजे बागेतील) माड-पोफळी, नारळ-सुपारीची झाडे, कित्येक आठवडे आडव्या पडून आहेत हे फोनवरून ऐकत राहावे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. पुन्हा अशी वेळ आली तर लगेच पोहोचता यावे म्हणून आम्ही बारा मित्रांनी गट केला आहे. दोन चेन सॉ घेतल्या आहेत, पण वाडीतील कामाचा अनुभव कोणालाच नाही. पहिल्या दोन दिवसांत काय हाती घ्यावे आणि कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रोठा सुपारी (श्रीवर्धन):
आधी छपराकडे पाहावे, झाडांकडे नंतर. निसर्ग आले तेव्हा मृग चार दिवसांवर होता. कौले उडालेल्या घरात पाऊस शिरला की धान्य, अंथरूण, मुलांची पुस्तके आणि मातीच्या भिंती यांपैकी काहीच उरत नाही. म्हणून येताना जुने कपडे आणू नका, ते आमच्याकडे रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते. जाड ताडपत्री, सुंभ (काथ्याची दोरी), खिळे आणि जमल्यास पत्रे आणा. शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, जाणणारा माणूस गावात असतोच, त्याच्या हाताखाली काम करा. ओल्या कौलांवर शहरातील मुलांनी स्वतः चढू नये, कारण खालची रीप (लाकडी पट्टी) मोडलेली असली तरी ती वरून दिसत नाही.

दुसरी गोष्ट, मालकाला विचारल्याशिवाय आणि पंचनामा झाल्याशिवाय पडलेले झाड कापू नका. दार किंवा रस्ता अडला असेल तर मालकाला शेजारी उभे करून फोटो घ्या, बुंधे मोजून कागदावर लिहा आणि मगच कापा. निसर्गनंतर बागायतीसाठी हेक्टरी 50,000 रुपये मदत जाहीर झाली, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. आमच्या वाड्या गुंठ्यांतच मोजाव्या लागतात, आणि एका गुंठ्यात दहा-बारा पोफळी सहज असतात, ज्यांतील प्रत्येक धरायला लागेपर्यंत पाच ते आठ वर्षे घरच्या माणसासारखी सांभाळलेली असते. पुढे झाडामागे मदत देण्याचे ठरले, तेव्हा आमच्या आळीत ज्यांनी मदतीला आलेल्यांच्या हातून वाडी आधीच मोकळी करून घेतली होती, त्यांना आपली किती झाडे गेली हे पटवून देताना फार त्रास झाला. ती मुले मनापासून राबली होती, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

करवतवाला (गुहागर):
चेन सॉविषयी लिहितो. वाकून अडकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली असते आणि दुसरी ताणलेली. दाबलेल्या बाजूने खोल कापत गेलात तर पाते आत अडकते, आणि ताणलेल्या बाजूने एकदम कापलेत तर खोड फाटून अंगावर उसळते. म्हणून आधी दाबलेल्या बाजूला उथळ काप द्यावा, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू कापत यावे आणि स्वतः कडेला उभे राहावे. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापून वजन कमी झाले की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कोणीही उतरू नये. मुलांवर विशेष लक्ष ठेवावे. माडाचे खोड तंतुमय असते आणि त्यात वाळू बसलेली असते, त्यामुळे साखळीची धार लवकर जाते. जादा साखळ्या आणि कानस बरोबर ठेवावी.

पडलेल्या तारेला वीज बंद असली तरी हात लावू नये, कारण एखाद्या घरातील जनरेटरमुळेही ती जिवंत होऊ शकते. झावळ्यांच्या ढिगात फुरसे हा विषारी साप असू शकतो. गमबूट, जाड हातमोजे आणि निघण्यापूर्वी धनुर्वाताचे इंजेक्शन, एवढे तरी आवश्यक समजा.

आंजर्ल्याचा भाचा (पुणे):
आपणा दोघांचे मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. कापलेली खोडे वाडीच्या कडेला रचून ठेवली तर चालते का? आणि कललेले झाड वाचवता येते का?

बोर्डो पेस्ट (दापोली):
माडाची खोडे वाडीत कुजू देऊ नयेत. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याचे भुंगे पुढे उभ्या माडांचा कोवळा शेंडा पोखरतात. सोंड्या भुंगा तर झाडाच्या जखमेतूनच आत शिरतो. वादळातून वाचलेला माड अशा रीतीने वर्ष-दोन वर्षांनी जातो, हे मी पाहिले आहे. खोडांचे तुकडे करून जळाऊ लाकडाच्या जागी वापरावेत, नाहीतर वाडीबाहेर न्यावेत. पोफळीचे सरळ खोड मात्र मालकाला विचारून ठेवा. मांडवाला आणि चिरून पन्हळीला ते उपयोगी पडते.

माड-पोफळीला वाढीचा शेंडा एकच असतो. तो मोडला तर झाड पुन्हा फुटत नाही. कललेले झाड कोवळे असेल आणि एका बाजूची मुळे मातीत शाबूत असतील, तर सावकाश उभे करून टेकू द्यावा व बुंध्याशी माती चढवावी. आंबा-काजूचे कलम चिरले असेल तर घाईने तोडू नका. मोडलेली फांदी स्वच्छ कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावल्यास ते पुन्हा पालवते. शंका आल्यास येथील कोकण कृषी विद्यापीठात किंवा नारळासाठी रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील संशोधन केंद्रात विचारता येईल.

आंजर्ल्याचा भाचा (पुणे):
आत्ताच मामाशी बोललो. वाडीत नेमकी किती झाडे आहेत हे कुठेच लिहिलेले नाही, असे तो म्हणाला. येत्या शनिवारी आम्ही चौघे जाऊन त्याच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतील माड-पोफळी मोजून, फोटो काढून, यादी प्रत्येकाच्या घरी ठेवणार आहोत.