मदत हवी आहे: कॅडेट लीडरशिप कोर्सची तयारी

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या कॅडेट पथकात तिचं हे दुसरं वर्ष. सुट्टीत होणाऱ्या लीडरशिप कोर्ससाठी तिची निवड झाली आहे.

ड्रिल चांगलं आहे, धावण्याची सवयही आहे. अडचण आवाजाची. कमांडचा पहिला, सावध करणारा भाग ती लांबवून नीट म्हणते. पण ज्या शब्दावर पथकाने हालचाल करायची, तोच बारीक निघतो आणि मागची रांग चुकते. ओरडून सराव केला की घसा बसतो. पोटातून आवाज काढा म्हणतात, पण त्याचा रोजचा सराव नेमका कसा करायचा?

दुसरं, दोऱ्या, फळ्या देऊन आठ-दहा जणांना अडथळा पार करायला सांगितलं की ही प्रमुख असूनही स्वतःच गाठी मारत बसते. दोन पावलं मागे उभं राहून कामं वाटायची, सगळ्यांवर नजर ठेवायची, हे मी सांगून पाहिलं. आईचं कोण ऐकतं! कोर्स केलेल्यांनी स्वतःचा अनुभव लिहिला तर तिला वाचून दाखवेन.

आणि नवे बूट आत्तापासूनच रोज घालायला लावू ना? फोडांची फार काळजी वाटते.