अँटिबॉडी असूनही ताप का उलटतो?

प्रश्न असा की रक्तात अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) भरपूर असूनही ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेला जंतूच्या आजाराचा, ताप परत का येतो. अँटिबॉडी पेशीच्या बाहेर काम करतात आणि हा जंतू आत बसलेला असतो, तोही जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींमध्येच!

त्याच्या आवरणातलं लिपिड-ए (एक स्निग्ध रेणू) लांब शेपट्यांचं असतं, म्हणून टीएलआर-४ ला, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या आपल्या पेशींवरच्या प्रथिनाला, ते धड ओळखू येत नाही. सुरुवातीला शरीरात प्रतिकाराचा फारसा गाजावाजाच होत नाही. गिळलेल्यांपैकी बहुतेक जंतू मरतात. उरलेले पेशीत ज्या पिशवीत बंद असतात ती आम्लधर्मी होते, पीएच साधारण ४.५. खरी मेख इथे आहे: मारण्यासाठी सोडलेलं आम्लच जंतूला इशारा ठरतं. व्हिर-बी नावाची सुईसारखी यंत्रणा उभी राहते, तिच्यातून प्रथिनं पेशीत जातात आणि पिशवी लायसोसोममध्ये (पेशीच्या पचवणाऱ्या कप्प्यात) पुरती न मिसळता एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमला (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या जाळ्याला) मिळते. तिथे निवांत वाढ.

म्हणून औषधही पेशीत शिरणारं लागतं. नेहमीचा कोर्स डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सोबत रिफाम्पिसिन, ६ आठवडे. अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीत. ताप उतरला की लोक गोळ्या सोडतात, तिथेच घोटाळा होतो.

सांगली-साताऱ्यातल्या आटपाडी-माणकडे गोठा असणाऱ्यांनी गाय शेवटच्या महिन्यांत गाभडली तर वार उघड्या हातांनी ओढू नये, त्यात जंतू खच्चून भरलेले असतात. दूध उकळूनच. जनावरांसाठीची ब्रुसेलोसिसची एस-१९ लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना. ती जिवंत लस आहे, टोचताना सुई स्वतःला लागली तर लगेच दवाखाना गाठा.