मदत हवी आहे: फास्टर फेणेनंतर भाच्याला काय द्यावं?

भाचा दहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमातला. मराठी वाचतो, पण जोडाक्षरांवर अडखळतो. तरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्यानं अधाशासारखा वाचला. फुरसुंगीच्या त्या बन्याचं 'ट्टॉक' आता आमच्या घरात दिवसभर चालू असतं! मग दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही आवडला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मात्र अर्ध्यावर सोडला, तो काळच त्याला परका वाटला. सत्यजित राय यांच्या फेलूदाचे अशोक जैन यांनी केलेले अनुवाद मला फार आवडतात, पण त्याला एकट्यानं वाचायला अजून जड जातात.

शेवटी तात्पर्य सांगणाऱ्या बोधकथा नकोत, त्या तो लगेच ओळखतो आणि पुस्तक मिटतो. भुतंखेतं चालतील, कॉमिक्सही. टाइप मोठा आणि प्रकरणं छोटी हवीत. ऑडिओ नको, वाचायची लागलेली गोडी टिकवायची आहे. आम्ही बंगळुरूला असतो, दुकानात चाळून घेता येत नाही, सगळं ऑनलाइन मागवावं लागतं.

तर आजच्या काळात घडणारं, साहस आणि विनोद दोन्ही असलेलं, सध्या छापील मिळणारं मराठी पुस्तक कोणतं? लेखक-प्रकाशकाचं नाव सांगाल का, आणि तुमच्या मुलांनी ते आपणहून संपवलं का?