टूर द फ्रान्स : "आज पहिला कोण आला?" याचं उत्तर द्यायचं कसं? (मदत हवी आहे)

वाळपईकर

नमस्कार मंडळी. प्रश्न सायकलीचा आहे, पण सायकल घ्यायची नाहीये, तेव्हा गिअर आणि टायर सुचवू नका.

आमचे अण्णा पोस्टमन होते. सत्तरी तालुक्यात तीसेक वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. गेल्या जुलैत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माणूस घरात अडकला. बाहेर पाऊस असा की अंगणातली तुळस दिसेना. भाच्याने लॅपटॉप टीव्हीला जोडून टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत लावून दिली आणि अण्णा तीन आठवडे तिथून हलले नाहीत.

मी फार्मसी बंद करून साडेआठला घरी येतो. शर्यत आपल्याकडे नऊच्या आसपास संपते आणि आमची वीज नेमकी पावणेनऊला जाते. मग मी मोबाइलवर निकाल बघायचा आणि काळोखात अण्णांनी विचारायचं, "पयलो कोण आयलो रे?"

14 जुलैला माझी पुरती फजिती झाली. सांगितलं, सायमन येट्स पहिला. "म्हणजे पिवळा शर्ट त्याला." नाही, तो बेन हीलीला. "तो दुसरा आला?" नाही, तिसरा. अण्णा म्हणाले, "तू नीट बघून सांग." रात्री पुन्हा पाहिलं, तरी तेच. शिवाय त्या सकाळपर्यंत पिवळा शर्ट ज्याच्याकडे होता तो पोगाचार मागे पडला होता, पण त्याच्या संघाला त्याचं काहीच वाटलेलं दिसत नव्हतं.

यंदाची शर्यत 4 जुलैला बार्सिलोनाहून सुटते. त्याआधी कोणीतरी हे मला पोस्टमनला पटेल असं समजावून द्या. आणि रोज बघणं जमणार नाही, तर कोणते दिवस चुकवू नयेत तेही सांगा.

चेनगार्ड

तुम्ही उदाहरण झकास निवडलंय, त्याच दिवसाचा हिशेब मांडतो. अण्णांना कागदपेन्सिल द्या.

ही एक शर्यत नाही, 21 आहेत. प्रत्येकाचा विजेता वेगळा. पिवळी जर्सी मात्र पहिल्या दिवसापासूनच्या वेळेची बेरीज ज्याची सगळ्यात कमी, त्याला. त्या सकाळी हीली पोगाचारच्या 3 मिनिटं 55 सेकंद मागे होता. संध्याकाळी येट्स पहिला आला, त्याच्यामागून 31 सेकंदांनी हीली आणि 4 मिनिटं 51 सेकंदांनी पोगाचार. म्हणजे हीलीने पोगाचारवर कमावले 4 मिनिटं 20 सेकंद. तिसऱ्याला 4 सेकंद बक्षीस वजा मिळतात (पहिल्याला 10, दुसऱ्याला 6), म्हणून 4:24. त्यातून 3:55 काढा. उरले 29. तेवढ्या 29 सेकंदांवर हीलीला पिवळी जर्सी मिळाली. येट्स बेरजेत आधीच फार मागे होता, त्यामुळे जिंकूनही त्याला ती नाही.

घाटवेडा_फोंडा

पोगाचारचा संघ शांत का होता, तर त्यांना ती जर्सी त्या दिवशी नकोच असावी. पिवळी अंगावर आली की रोज समारंभ, पत्रकार, उत्तेजक चाचणी, आणि हॉटेलवर पोचायला उशीर. वर घोळक्याच्या पुढे राहून वारा खायचं काम त्याच्या संघाने करायचं. पुढच्याच्या पाठीमागे चिकटून चालवलं तर ताकद बरीच वाचते, म्हणून तर आठ जणांचा संघ लागतो. त्यातले सहासात जण जिंकायला आलेलेच नसतात. ते वारा अडवतात, मागे गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात.

तीन दिवसांनी ओताकामच्या चढावर पोगाचारने पिवळी परत घेतली आणि पॅरिसपर्यंत सोडली नाही.

वाळपईकर

चेनगार्ड, घाटवेडा, शतशः आभार. औषधाच्या कंपनीच्या पाकिटामागे हिशेब करून दाखवला. अण्णांनी दोनदा तपासला (मनीऑर्डरीची सवय) आणि म्हणाले, "एक दिवस बटवडा लवकर आटपला म्हणून पगार वाढत नाही, तसं." म्हणजे समजलं.

आता त्यांचा पुढचा प्रश्न. सपाट रस्त्याच्या दिवशी ऐंशीवा येणाऱ्यालाही पहिल्याइतकीच वेळ लावलेली असते. "हा लबाड हिशेब कोणाचा?"

चेनगार्ड

लबाडी नाही, जीव वाचवायची सोय आहे. घोळका सलग आला, मध्ये ठरलेल्या फरकाइतकी फट पडली नाही, तर सगळ्यांना एकच वेळ. नाहीतर दीडशे माणसं एकेका सेकंदासाठी ताशी साठच्या वेगात एकमेकांच्या अंगावर जातील. सपाट दिवशी शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये कोणी पडला तरी तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ त्याला मिळते. काही दिवशी ही हद्द वाढवतात.

बाकी जर्सींचं थोडक्यात : हिरवी गुणांची, बहुधा वेगाने मुसंडी मारणाऱ्याकडे जाते. लाल ठिपक्यांची घाटांवरच्या गुणांची. पांढरी तरुणांतल्या पहिल्याची.

पुणेरी_पंक्चर

जानेवारीत आमच्याकडे आंतरराष्ट्रीय शर्यत झाली तेव्हा रस्त्याकडेला दोन तास उभा होतो. अख्खा घोळका मिनिटाभरात गेला. चेहरा एकही ओळखता आला नाही, पण शेजारच्या काकूंची ओढणी त्या वाऱ्याने फडकली. अण्णांना टीव्हीवर जास्त दिसतं, एवढंच सांगायला आलो.

तिरकस

ज्या शर्यतीत उत्तेजकं घेतल्याबद्दल आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं 2012 मध्ये काढून घेतली तिच्यात हिशेब कसले लावता?

घाटवेडा_फोंडा

तिरकसराव, तो धागा वेगळा काढा, मी येतो तिथे भांडायला.

वाळपईकर, न चुकवायचे दिवस. 24 आणि 25 जुलै, शुक्रवार-शनिवार. दोन्ही दिवशी शेवट आल्प्समधल्या आल्प द्युएझवर. शुक्रवारी 21 वळणं, जवळपास 14 किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांचा चढ. चोर्ला घाट चढताना माझी जीभ बाहेर येते, आणि हे लोक तिथे तीन आठवडे दमून पोचलेले असतात. रविवारी पॅरिस. 13 आणि 20 जुलै हे दोन सोमवार विश्रांतीचे, तेव्हा दुकान उशिरा बंद करा. पहिल्या दिवशी अख्ख्या संघाने घड्याळाविरुद्ध धावायचं आहे, तेही बघा, रेषेत चाललेले आठ जण छान दिसतात.

आणि विजेत्याने एकही दिवस पहिला न येता टूर जिंकलेली आहे. 1990 मध्ये लेमाँडने, 2017 मध्ये फ्रूमने. अण्णांना हे मात्र जपून सांगा.

वाळपईकर

सांगितलं. पाच मिनिटं बोलले नाहीत. मग, "बरोबर आहे. पण शेवटचा कोण?"

शेवटच्याची कोणी नोंद ठेवतं का हो? त्यांना त्याच्यातच जास्त रस आहे.

चेनगार्ड

ठेवतात, नावासकट. लाँतेर्न रूज, म्हणजे लाल कंदील, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो तो. पण तिथे राहणंही सोपं नाही. दर दिवशी विजेत्याच्या वेळेवर टक्के लावून मुदत ठरते आणि ती चुकली की बाहेर. घाटाच्या दिवशी दमलेले सगळे मिळून गट करतात आणि मागे बसून हाच हिशेब करत चढतात. सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, केरसुणीची गाडी म्हणतात तिला. सोडून देणाऱ्याला त्यात घेतात.

वाळपईकर

वाचून दाखवलं. अण्णा म्हणतात, यंदा वीज गेली तर पहिला नाही सांगितला तरी चालेल, त्या गाडीत कोण चढला ते सांग. शिवाय विचारतात, चढायचं नसेल तर ते लोक जबरदस्ती करतात का? यांना एकदा नगरगावच्या पुलापाशी पुरात असंच एका जीपवाल्याने "बसा, बसा" केलं होतं आणि हे बसले नव्हते.