पर्यावरणपूरक घरासाठी नाशिकमध्ये प्लॉट: तीनपैकी कोणता?

सातपूरकर_78:
तळमजला अधिक एक, मिळून 1200 चौ. फूट बांधायचं आहे. छतावर 3 किलोवॅट सोलर, पावसाचं पाणी साठवणं, एसी शक्यतो नको. तीन जागा डोळ्यासमोर आहेत.
अ) मखमलाबादच्या पुढे मळ्यांच्या भागात. अडीच गुंठे, एनए (बिगरशेती) लेआउट, पूर्वेला रस्ता, काळी जमीन, पश्चिमेला लागून द्राक्षबाग.
ब) पाथर्डी फाट्याच्या पुढे. दोन गुंठे, एनए, दक्षिणेला 12 मीटर रस्ता, उताराची जागा. दर बराच कमी.
क) गिरणारे. पाच गुंठे, भरपूर झाडं, पण सातबारा सामाईक. नोकरी अंबडला, म्हणजे एका बाजूने 20 किमी.
घरच्यांचा कल 'क'कडे आहे. माझं काही ठरत नाहीये.

कागद_आधी:
'क' इथेच सोडा. तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. असलात तरी सामाईक सातबाऱ्यावर पाच गुंठ्यांची बांधकाम परवानगी आणि गृहकर्ज, दोन्हीकडे अडाल. 'वाटणी करून देतो' हे वाक्य सरकारी मोजणीचा नकाशा (त्यालाच 'क' प्रत म्हणतात) आणि स्वतंत्र उतारा हातात येईपर्यंत ऐकू नका.
'अ' आणि 'ब'साठी मंजूर लेआउटची प्रत, एनए आदेश, झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे त्याचा) आणि विकास आराखड्याचा भागनकाशा घ्या. 2027 च्या सिंहस्थामुळे रस्त्यांची कामं सुरू आहेत, तेव्हा रुंदीकरणाची रेघ प्लॉटवरून जात नाही ना ते नगररचना विभागात बघा. नदी किंवा नाला जवळ असेल तर पूररेषाही बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत नवं घर होत नाही.

पाया_पक्का:
कागद नीट असले की सोलरचं कोटेशन मागवण्याआधी जेसीबी मागवा. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत किंवा 2 मीटरपर्यंत खड्डे घ्या. मालक नको म्हणाला तर तेच उत्तर समजा.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. पाया तिच्यातच ठेवला तर जोत्याच्या वर आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात. मुरूम 1 ते 1.2 मीटरवर असेल तर काहीच अडचण नाही. तेवढी माती काढा, पाया मुरमावर घ्या आणि माती बागेला वापरा. दोन-अडीच मीटरच्या खाली गेला तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब) आणि जोत्याचं बीम आलं. मग सिमेंट आणि स्टील इतकं वाढतं की वर फ्लायॲशच्या विटा लावून केलेली बचत जमिनीतच जाते. माझ्या मते पर्यावरणपूरक घराचा निम्मा हिशोब मुरमाच्या खोलीवर ठरतो, आणि माहितीपत्रकात नेमकी तीच नसते.

मातीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन 'फ्री स्वेल', म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते, काढून घ्या. 50 टक्क्यांच्या वर आला तर जमीन जास्त फुगणारी.

'ब'चा दर कमी का, तेही शोधा. पलीकडे सारूळच्या बाजूला दगडखाणी आहेत. त्या पट्ट्यात उताराची जागा भराव टाकून सपाट केलेली असू शकते. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागे सरकवून बघा, आणि गावनकाशावर नाला दाखवलाय का तेही.

ऊन_सावली:
दक्षिणमुखी म्हणून 'ब' स्वस्त असेल तर तो फायदाच धरा. वास्तूवाले नाक मुरडतात, पण दक्षिणेला 12 मीटर रस्ता म्हणजे त्या बाजूचं ऊन कायमचं मोकळं. नाशिक 20 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य साधारण 46 अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या 10 मीटर उंच इमारतीची सावली दुपारी साडेनऊ मीटर आणि सकाळी नऊला 24 मीटरच्या आसपास पडते. 3 किलोवॅटला सुमारे 300 चौ. फूट बिनसावलीचं छत लागतं. मार्च अखेरीपासून दुपारचा सूर्य 70 अंशांच्या वर जातो, तेव्हा दक्षिणेच्या 1.2 मीटर उंच खिडकीला 45 सेमी छज्जा पुरतो. हिवाळ्यात तोच छज्जा ऊन आत येऊ देतो.
खरा त्रास पश्चिमेचा. एप्रिल-मेमधलं चार वाजताचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही. तिथे जिना, न्हाणीघर, कपाटांची भिंत ठेवा.

थेंब_थेंब:
शहरात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस धरा. खालचं बांधकाम 60 चौ. मीटर असेल तर 15 टक्के तूट वजा करून 35 हजार लिटरच्या जवळपास पाणी मिळतं, तेही बहुतेक चार महिन्यांतच. त्यामुळे 10 हजार लिटरची टाकी ठेवा, बाकीचं मुरवा. पण मुरतं का ते आधी तपासा. एक मीटर खोल खड्डा रात्रभर भिजवा, सकाळी तळाशी 15 सेमी पाणी ठेवा आणि 25 मिमी उतरायला किती वेळ लागतो ते बघा. तासाहून जास्त लागला तर शोषखड्डा तिथे चालणार नाही. काळ्या जमिनीत बहुतेकदा हेच होतं.
'अ'ला द्राक्षबाग लागून आहे म्हणता. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या लागोपाठ चालतात आणि वारा तुमच्याकडे असला की खिडक्या बंद. एसी नको असलेल्या घराला हे परवडत नाही. बोअर असेल तर पाण्यातलं नायट्रेटही तपासा.
'क'चा एक हिशोब: रोज 40 किमी, वर्षाला 300 दिवस, 15 चं ॲव्हरेज, म्हणजे 800 लिटर पेट्रोल. तुमचा 3 किलोवॅट सोलर वर्षाला जेवढा कार्बन वाचवील त्यातला निम्म्याहून जास्त एकटी गाडी खाईल.

सातपूरकर_78:
'क' बाद. खड्डे घेतले. 'अ'ला 1.8 मीटरपर्यंत काळी, मग मऊ मुरूम. 'ब'ला वरच्या अंगाला 40 सेमीवर कडक मुरूम, खालच्या अंगाला दीड मीटरपर्यंत विटांचे तुकडे आणि प्लास्टिक.

पाया_पक्का:
म्हणजे 'ब'ला खालच्या बाजूला भराव आहे. तरी 'अ'चा खोल मुरूम आणि शेजारच्या फवारण्या बघता 'ब'च घ्या, पण मधे तिसरा खड्डा घेऊन भराव कुठे संपतो ती रेघ आधी आखा. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं भरावावर बसवलं तर एक बाजू खचेल आणि चीर बरोबर मधून जाईल. तुम्हाला जेमतेम 650 चौ. फूट जोतं लागतंय. सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) सोडून ते वरच्या अंगाला बसत असेल तर उत्तम. नसेल तर खालच्या बाजूचे फुटिंग (खांबांचे पाये) भराव ओलांडून मूळ जमिनीवर न्या आणि तो खर्च दरातून वजा करून घ्या. टाकीही भरावात पुरू नका, आणि पावसाचं पाणी तिथे मुरवू तर मुळीच नका, भराव ओला झाला की आणखी बसतो. भरावाच्या भागात मातीचा थर टाकून कडुनिंब, करंज लावा. शोषखड्डा वरच्या मुरमात, पायापासून किमान 3 मीटर लांब.